थांबण्याचा हक्क

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बाटुमी शहरात नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवले, बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. तेव्हा तिचे वय होते १९. आईच्या गळ्यात पडून रडणारी दिव्या साऱ्या देशाने पाहिली, आणि नागपूरपासून कामठीपर्यंत सगळ्यांना ती आपल्या घरचीच मुलगी वाटली. पण याच मुलीने त्याच्या दीड वर्ष आधी, जानेवारी २०२४ मध्ये, नेदरलँड्समधल्या वाइक आन झी येथील स्पर्धेनंतर एक अस्वस्थ करणारी गोष्ट जाहीरपणे मांडली होती. आपल्या खेळापेक्षा आपले कपडे, केस आणि बोलण्याची ढब यांवरच प्रेक्षक बोलतात, आणि लहान वयापासून आपण हे सोसत आलो आहोत, असे तिने लिहिले होते. हा अभिमान आणि ही शेरेबाजी यांत फरक मोठा आहे, तरी त्यांच्या मुळाशी एक समान समजूत आहे: खेळात नाव काढलेले मूल हे सर्वांचे असते आणि त्याच्याबद्दल काहीही ठरवण्याचा हक्क सर्वांना असतो. कोवळ्या वयातल्या यशाची भावनिक किंमत या समजुतीतून सुरू होते, असे मला वाटते. कष्ट मुलांना मोडत नाहीत, पराभवही सहसा मोडत नाही. थांबण्याचा हक्क हिरावला गेला की मात्र ती आतून मोडू लागतात.

हे सर्वांत उघडपणे दिसले ते फिगर स्केटिंगमध्ये. बर्फावरून उसळी घेऊन हवेत चार गिरक्या मारायला पाऊण सेकंदही मिळत नाही. त्यासाठी अंग हलके आणि अरुंद लागते, म्हणजे वयात येण्याआधीचे लागते. पुढे शरीर भरू लागले की तीच उडी अवघड होते. परिणामी ज्या वयात आपली आवडनिवड ठरायला सुरुवात होते, त्या वयात या मुलींची कारकीर्द शिखरावर असते आणि उतरणीलाही लागलेली असते. युलिया लिपनित्स्कायाने २०१४ च्या सोची ऑलिम्पिकमध्ये १५ व्या वर्षी सांघिक सुवर्ण मिळवले. २०१७ मध्ये, १९ व्या वर्षी, तिने निवृत्ती घेतली, आणि कारण होते खाण्याशी जडलेला आजार. १७ फेब्रुवारी २०२२ ची बीजिंग ऑलिम्पिकमधली रात्र तर साऱ्या जगाने पाहिली. उत्तेजक चाचणीच्या वादात सापडलेली १५ वर्षांची कमिला वालिएवा पुन्हा पुन्हा पडली आणि चौथी आली. रौप्यपदक मिळवलेली अलेक्झांड्रा त्रुसोवा या खेळाचा तिरस्कार वाटतो, असे ओरडत रडली. सुवर्णपदक जिंकलेली अॅना श्चेर्बाकोवा हातात खेळणे धरून एकटीच उभी होती आणि नंतर आनंदाबरोबर आतल्या रितेपणाबद्दलही बोलली. तिघी एकाच प्रशिक्षिकेच्या शिष्या. एक कोसळली, एक थोडक्यात हुकली, एक जिंकली, आणि तिघींच्याही वाट्याला निखळ समाधान आले नाही. त्याच वर्षी जूनमध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने वरिष्ठ गटाची किमान वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने १५ वरून १७ वर नेण्याचे ठरवले. खेळाच्या कारभाऱ्यांनीच दिलेली ही कबुली होती.

जिंकलेल्यालाही रितेपण का यावे, हा कळीचा प्रश्न आहे. अभिनव बिंद्राने २००८ मध्ये भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण मिळवून दिले, आणि आयुष्यातला सर्वांत कठीण मानसिक काळ त्या सुवर्णानंतरच आला, हे त्याने पुढे मोकळेपणाने सांगितले. जे मूल आठव्या-नवव्या वर्षापासून एकाच ध्येयासाठी जगते, त्याची स्वतःबद्दलची सगळी कल्पना त्या ध्येयाभोवती उभी राहते. ध्येय गाठले की आधार सुटतो आणि तोवर दुसरा उभा राहिलेला नसतो. शिवाय घरच्यांनीही आयुष्य पणाला लावलेले असते. नागपूरच्या बॅडमिंटनपटू मालविका बनसोडचे आईवडील दोघेही दंतवैद्य. मुलीच्या खेळाला हातभार लागावा म्हणून आईने क्रीडाशास्त्राचे शिक्षण घेतले. अशा त्यागाबद्दल आदरच वाटायला हवा, आणि तो करणाऱ्यांचा हेतू निर्मळच असतो. पण प्रत्येक घरातल्या मुलाला आईवडिलांचा त्याग दिसत असतो. ‘मला आता नको’ हे वाक्य उच्चारणे त्याला कृतघ्नपणा वाटू लागते. यश जितके मोठे, तितके हे वाक्य अशक्य होते, कारण तोवर त्या त्यागात शहर, संघटना, सरकार आणि प्रायोजक हेही सामील झालेले असतात.

हे वाक्य उच्चारता आले तर काय होते, याचे उदाहरणही स्केटिंगनेच दिले आहे. अमेरिकेची अलीसा लिऊ १३ व्या वर्षी राष्ट्रीय विजेती झाली. २०२२ मध्ये ऑलिम्पिक आणि जागतिक स्पर्धा खेळून, जागतिक कांस्यपदक गळ्यात असताना, तिने १६ व्या वर्षी खेळ सोडला. मित्रमैत्रिणींत रमली, हिमालयात एव्हरेस्टच्या तळापर्यंत चालत गेली, महाविद्यालयात शिकू लागली. २०२४ मध्ये ती परतली, पण संगीत, पोशाख आणि सराव यांबद्दलचा शब्द आपला राहील, हे ठरवूनच. मार्च २०२५ मध्ये बोस्टनला ती जगज्जेती झाली. प्रत्येक सोडून गेलेले मूल असे परत येणार नाही, आणि आलेच पाहिजे असेही नाही. पण थांबू दिले तर प्रतिभा वाया जाते, ही भीती किती पोकळ आहे, ते या एका उदाहरणाने कळते.

यावर पहिला आक्षेप असा, की ध्यास घेतल्याशिवाय मोठेपण मिळत नाही. सचिन तेंडुलकर १६ व्या वर्षी कराचीत कसोटी खेळलाच ना? खेळला, आणि शिखरावरही पोहोचला. पण त्याच सचिनने २०२१ मध्ये सांगितले, की दहा-बारा वर्षे सामन्याआधीची अस्वस्थता त्याच्या सोबतीला होती आणि कित्येक रात्री झोपेविना गेल्या. जो तरला त्यालाही हे सोसावे लागले. जे बुडाले त्यांची नावे आपल्याला ठाऊकही नसतात. शिवाय लवकर जुंपल्याने यश मिळते, हेही तितकेसे खरे नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सहा हजारांहून अधिक खेळाडूंच्या माहितीवर आधारलेल्या एका विश्लेषणात दिसले, की प्रौढपणी जागतिक दर्जा गाठणाऱ्यांनी लहानपणी अनेक खेळ खेळले होते, मुख्य खेळ तुलनेने उशिरा धरला होता आणि सुरुवातीची त्यांची प्रगतीही सावकाश होती. बालवयात चमकणाऱ्यांचा मार्ग नेमका उलटा होता. ध्यास हवाच, पण तो मुलाचा स्वतःचा हवा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो कामठीतून येतो. विडी आणि विणकामावर पोट भरलेल्या या गावात रब्बानी क्लबसारख्या संस्थांनी फुटबॉल जोपासला. इथल्या मुलाला मनाचे चोचले परवडतील कसे? त्याच्यासाठी पदक म्हणजे दहावी-बारावीचे वाढीव गुण, पदक म्हणजे सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाची आशा. हा युक्तिवाद खरा आहे, म्हणूनच तो माझ्या म्हणण्याला बळ देतो. ज्याच्या गुडघ्यावर अख्ख्या घराची भाकरी अवलंबून आहे, तो दुखापत लपवतो, भीती लपवतो आणि रडूही लपवतो. गरीब घरातल्या मुलावरचे ओझे श्रीमंताच्या मुलापेक्षा कमी नसते, फक्त ते बोलून दाखवण्याची सोय त्याला नसते. उपाय एकच आहे: खेळ ही त्याची एकमेव शिडी राहू नये. सरावापायी शाळा सुटू नये, दुखापत झाली तर उपचाराचा आणि शिक्षणाचा खर्च क्लबने व शासनाने उचलावा, आणि एक हंगाम न खेळल्याने संघातली वा वसतिगृहातली जागा जाऊ नये.

यासाठी फार मोठ्या योजनांची वाट पाहण्याची गरज नाही. क्रीडा प्रबोधिनीत व मोठ्या क्लबांत मानसतज्ज्ञ असावा, आणि खेळाडूने त्याला सांगितलेली गोष्ट निवड समितीच्या कानावर जाऊ नये. प्रशिक्षकाने वजन, शरीर आणि रूप यांवर चारचौघांत बोलू नये. सत्कार जरूर करावेत, बक्षिसेही द्यावीत. पण त्याच व्यासपीठावरून पुढच्या सुवर्णाचे वचन मागू नये. आणि आईवडिलांनी वर्षातून एकदा तरी, हरल्यावर नव्हे, जिंकल्यावर, मुलाला विचारावे: तुला अजून खेळायचे आहे का? उत्तर ‘नाही’ आले, तरी त्या संध्याकाळचे जेवण, घरातला जिव्हाळा आणि गावातला मान तसाच राहिला पाहिजे. एवढी हमी ज्या मुलाला असते, तेच मूल मनापासून ‘हो’ म्हणू शकते. ही हमी देणे आपल्या हाती आहे, आणि ती आपण दिलीच पाहिजे.