ओस घर आणि शेजारधर्म

माणदेशातील आटपाडी हा अल्प पावसाचा मुलूख होय. येथील पुष्कळ कुटुंबे सोनेचांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यासाठी दूरच्या शहरी गेली आहेत. मागे एखादे घर ओस पडते. त्याचे धाबे गळते, भिंत फुगते, आणि तिच्याच सावलीत गल्लीतील मुले खेळतात. अशा वेळी शेजाऱ्यांनी काय करावे?

कोणी म्हणतो, "घर परक्याचे, आपणांस काय त्याचे?" दुसरा रात्री तुळया व घडीव दगड उचलून नेतो. अनुवादाच्या 22 व्या अध्यायात या दोघांनाही उत्तर आहे. कोणी पडून मरू नये म्हणून धाब्यास कठडा करण्याची आज्ञा तेथे घरधन्यास आहे; तो दूर गेल्याने त्याची जबाबदारी सुटत नाही. परंतु त्याच अध्यायाच्या आरंभी असेही सांगितले आहे की, भावाची हरवलेली वस्तू दिसता डोळेझाक न करता तो येईपर्यंत ती सांभाळावी व त्याची त्यास परत द्यावी.

तर प्रथम धन्यास कळवावे. उत्तर न आल्यास अधिकाऱ्यांच्या संमतीने, पंचांसमक्ष, धोक्याची भिंत उतरवावी आणि निघालेले लाकूड व दगड मोजून, नोंदवून ठेवावे. श्रम आपले, माल त्याचा. ज्याने कित्येक वर्षांत आपली विचारपूसही केली नाही, त्याच्यासाठी घाम गाळणे जड जाते खरे. परंतु बंधूंनो, भिंत कोसळली तर तिच्याखाली सापडणारे मूल घरधन्याचे नसून आपल्याच गल्लीतले असेल.