पारखून आणलेला शत्रू

पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेत बैल घेणारा शेतकरी दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो, मग सौदा करतो. कीड किंवा तण आटोक्यात आणायला परमुलखातला किडा शेतात सोडताना याहून कडक पारख हवी. बैल पुन्हा विकता येतो, सोडलेला किडा पुन्हा गोळा करता येत नाही.

उसातले उंदीर मारायला १८७२ साली आपल्याकडचं मुंगूस जमैकात नेलं. ते हाती लागेल ते खाणारं. तिथले पक्षी आणि सरडेही त्याने सोडले नाहीत. गाजर गवतासाठी १९८३ साली मेक्सिकोहून भुंगा आणताना मात्र आधी चाचण्या झाल्या. तरी पुढे तो सूर्यफुलावर दिसला, ओरड झाली, नव्याने तपासणी करावी लागली. ती झाली हे योग्यच झालं. आणि गाजर गवत आजही रस्त्याकडेला उभं आहे. असा शत्रू कीड किंवा तण आटोक्यात ठेवतो, नामशेष करत नाही. एवढीच अपेक्षा धरावी.

मुरबाड-शहापूरच्या भातावरचा खोडकिडा आपल्याच मुलखातला, त्यामुळे त्याचे शत्रूही इथेच आहेत. त्याची मादी पानाच्या टोकाशी अंड्यांचा पुंजका घालते आणि पिवळसर लवीने झाकते. ट्रायकोग्रामा नावाची गांधीलमाशीच्या कुळातली, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरणारी माशी त्या अंड्यांत आपली अंडी घालते. मग खोडकिड्याची अळी जन्मतच नाही. ती जन्मली, तर खोडात शिरते, गाभा सुकतो, पुढे लोंबीची पळींज होते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या या माश्या ट्रायकोकार्डावर मिळतात. कार्डाचे तुकडे पानांना टाचायचे, एवढंच काम.

पण कार्ड लावून लगेच पंप पाठीवर घेतला, तर माशी मरते आणि पैसेही जातात. माझ्या मते बाहेरून शत्रू आणण्याआधी घरचे मारणं थांबवायला हवं. इंडोनेशियाने १९८६ साली भातावरची ५७ कीटकनाशकं बंद केली, कारण फवाऱ्याने कोळी मरत होते आणि तपकिरी तुडतुडे वाढत होते.

यंदा फवारणीआधी चुडात वाकून बघा. कोळी, चतुर, ढालकिडे दिसले तर थांबा, कृषी सहायकाला विचारा. आणि कापणी वैभव विळ्याने अगदी जमिनीलगत करा, कारण खोडकिड्याच्या अळ्या धसकटातच दडून राहतात.