जुनं गाव, नवी घरं

बुडापेस्टच्या ईशान्येला, चेरहातच्या डोंगरांत वसलेलं होल्लोको हे चिमुकलं गाव १९८७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. वरच्या टेकडीवरचा किल्ला तेराव्या शतकातला, मंगोल स्वारीनंतर उभारलेला. खालची घरंही तेवढीच पुरातन असतील, असं पाहणाऱ्याला सहज वाटतं. पण १९०९ च्या आगीत गाव बेचिराख झालं. आज आपण पाहतो ती घरं बहुतेक त्यानंतरची.

मग इथे जपलंय ते काय?

आगी गावाला नव्या नव्हत्या. लाकडी घरं, गवताने शाकारलेली छपरं. एक ठिणगी पुरे. १९०९ नंतर इथल्या पालोत्स समाजाच्या शेतकऱ्यांनी दगडी पाया घातला, कच्च्या विटांच्या भिंती रचल्या, वर कौलं चढवली. घराची ठेवण मात्र तीच राहिली: अरुंद, लांबट जागेत रस्त्याकडे आखूड बाजू करून उभं राहिलेलं घर, आधी बसायची खोली, मग स्वयंपाकघर, मग कोठीची खोली, लाकडी खांबांची ओसरी आणि चुन्याने रंगवलेल्या पांढऱ्या भिंती. आगीपासून ते शहाणपण शिकले, पण आपली राहणी त्यांनी सोडली नाही. काय टाकायचं आणि काय राखायचं, हे ज्यांना तिथे राहायचं होतं त्यांनीच ठरवलं.

आज वारसा म्हणून संरक्षण मिळालेल्या घरात असा बदल मनाला येईल तसा करता येत नाही. आणि संरक्षण नसतं तर? विसाव्या शतकात सामुदायिक शेती आली, पट्ट्यापट्ट्यांची जुनी शेती मोडली, तरुण कामासाठी शहरांकडे गेले. रिकामी घरं कोसळायला कायदा लागत नाही. तेव्हा संरक्षणाला नावं ठेवणं सोपं असलं, तरी न्यायाचं नाही.

प्रश्न घरांपुरताच नाही. इथे ईस्टरच्या सोमवारी भरतकामाच्या पोशाखातल्या मुलींवर तरुण बादल्यांनी पाणी ओततात आणि ते पाहायला पर्यटक तिकीट काढून येतात. याला कुणी नाटक म्हणतात. मला तसं वाटत नाही. प्रेक्षक जमले म्हणून प्रथा खोटी ठरत नाही. ती खोटी ठरते, ती थांबवायचा किंवा बदलायचा अधिकार गावकऱ्यांच्या हातून जातो तेव्हा. वारशाच्या गावाबद्दल म्हणूनच भिंती किती जुन्या हे विचारून भागत नाही. उद्या पुन्हा घर बांधायची वेळ आली, तर ते कसं असावं हे कोण ठरवणार, हेही विचारायला हवं.