सत्कर्माविषयी तत्परता

तीताला लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी पौलाने ख्रिस्ताच्या लोकांचे एक लक्षण सांगितले आहे; ते असे की, चांगली कामे करण्यास ते उत्सुक असतात. करणारे असतात, एवढे म्हणून तो थांबत नाही. यावरून आमच्या खेड्यांतील कित्येक उपदेशक बंधूंस एक प्रश्न पडत असतो, आणि तो क्षुल्लक नव्हे. हात आज्ञा पाळतील, परंतु मनाला उत्सुकता कोठून आणावी? मन नसता केलेले चांगले काम देवापुढे चांगले ठरते काय?

उत्सुकता म्हणजे मनाचा उमाळा, असा जो सर्वसाधारण समज आहे, तोच प्रथम तपासून पाहिला पाहिजे. उमाळा खोटा असतो असे आम्ही म्हणत नाही. तो देवाचे देणे आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद या जिल्ह्यांतील हजारो माणसे झोपेतच दगडमातीखाली गेली, तेव्हा जात व धर्म न पुसता चोहोंकडून लोक धावले. धावा, असे त्यांस कोणाला सांगावे लागले नाही. परंतु ढिगारे उपसून झाल्यावर गावे नव्या जागी वसविण्यास वर्षे लागली, आणि त्या वर्षांस उमाळा पुरणारा नव्हता.

त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी पौल दुसरा शब्द घालतो: प्रत्येक चांगल्या कामास सिद्ध असावे. सिद्ध असणे म्हणजे काय, हे शेतकऱ्यास सांगण्याची गरज नाही. मृग निघण्यापूर्वी तो तिफण पाहतो, दोर पाहतो, बी निवडून ठेवतो. त्या दिवशी त्याचे मन प्रसन्न असो वा नसो. आता पुष्कळ शिवारांत ट्रॅक्टर आले आहेत, तरी डिझेलची तजवीज आधीच करावी लागते. पाऊस पडल्यावर जो अवजार शोधीत फिरतो, त्याला पेरणीची आवड नाही असे नव्हे. त्याचा वापसा मात्र निघून जातो. पौलाची उत्सुकता आम्हांस या जातीची वाटते. ती काम येण्यापूर्वीची तयारी आहे.

बिलोलीच्या शिवेपलीकडे निजामाबाद जिल्हा लागतो. तो आज तेलंगणात आहे. पूर्वी तो व आपला नांदेड हे दोन्ही जिल्हे हैदराबाद संस्थानातच होते. तेथे डिचपल्ली येथे १९१५ साली डॉ. इझाबेल कर या मिशनरी बाईंनी कुष्ठरोग्यांची वसाहत उभारली, आणि नरसा गौड नामक हिंदू गृहस्थांनी तिला मोठी देणगी दिली. आजच्यासारख्या गोळ्या त्या काळी नव्हत्या. चालमोगऱ्याच्या तेलाची सुई टोचावयाची, ती दुखावयाची, आणि गुण येईल तर महिन्यांनी वा वर्षांनी यावयाचा. अशा कामात प्रतिदिवशी उमाळा येत असेल, असे आम्हांस वाटत नाही. ठरल्या दिवशी सुई उकळून तयार ठेवावी लागे.

आता आपल्या दारापाशी येऊ. नायगावच्या आसपास असे गाव क्वचितच असेल, जेथे कर्जापायी कोणा शेतकऱ्याने जीव दिला नाही. अशा घरी तिसऱ्या दिवसापर्यंत सर्व जातात. आमची मंडळीही जाते, प्रार्थना करते, भाकरी नेते. नंतर जून येतो. ती विधवा बाई दोन एकर रान घेऊन बसलेली असते. ज्याच्या त्याच्या बैलांना आपलेच काम पुरून उरलेले असते. त्या आठवड्यात तिच्या रानात प्रथम तिफण नेणारा कोण? तसेच संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, आणि नायगावच्या तहसील कचेरीत दोन-तीन खेपा. ज्यास लिहितावाचता येते अशा उपदेशकाला या खेपा घालण्यात उत्साह वाटण्यासारखे काही नाही, हे आम्ही कबूल करतो. वर्तमानपत्रात छापून येण्याजोगेही त्यात काही नाही. (दोन पोती ज्वारी वाटताना फोटो काढण्याची जी चाल हल्ली पडली आहे, तिजविषयी मत्तयाच्या सहाव्या अध्यायात पुरेसे सांगितले आहे.)

येथे एक परीक्षा आहे. ती बाई पुढे कधीच उपासनेस आली नाही, तर आमची उत्सुकता कमी होते काय? होत असेल, तर ती सत्कर्माची नव्हती, सौद्याची होती. आणि शेजारी हे आपल्याआधी ओळखतात. ख्रिस्ती मनुष्य आमिष दाखवितो, असे जे म्हणतात त्यांस तोंडाने उत्तर देण्यात अर्थ नाही.

आता मूळ प्रश्न. मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायातील दृष्टांतात बापाने दोघा पुत्रांस द्राक्षमळ्यात जाण्यास सांगितले. एकाने गोड होकार दिला व तो गेला नाही. दुसऱ्याने तोंडावर नकार दिला, मागाहून पस्तावला व गेला. बापाची इच्छा कोणी केली, असे प्रभूने विचारले, आणि नकार देणाऱ्याकडेच बोट गेले. तो हसत गेला की कुरकुरत, हे तेथे सांगितलेले नाही. तेव्हा ज्या बंधूस उत्सुकता वाटत नाही, त्याने ती येईपर्यंत घरी बसू नये. पुष्कळदा ती वाटेत, अर्ध्या तासाने, रानाच्या बांधावर येते. कधी येतही नाही, आणि रान तरी पेरले जाते.

यापोच्या टबीथेचे उदाहरण प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात आहे. तिचे एकही भाषण लिहून ठेवलेले नाही. ती मेली तेव्हा गावातील विधवा रडत पेत्राभोवती उभ्या राहिल्या, आणि तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्यांनी त्याला दाखविली.