भुताचे दात

“लहान मुलांसाठी भूत काढायचंय ना? मग आधी त्याचे दात पुसा,” असं चित्रकला शिकवणाऱ्या एका शिक्षकांनी मध्यंतरी मला बजावलं. ते वाक्य तेव्हापासून सलतं आहे. व्हिडिओ गेममधली भुतं चितारायचा मुलांना भारी नाद असतो. शिक्षकांचं म्हणणं असं, की ती गोलमटोल, टपोऱ्या डोळ्यांची असावीत, म्हणजे रात्री कुणी दचकून उठणार नाही.

गोल रेषा लाडिक वाटते, टोकदार रेषा धाक घालते, हे पहिली रेघ ओढणाऱ्या पोरालाही कळतं. त्यात शिरत नाही. पण भूत दिसतं कसं आणि वागतं कसं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि मोठी माणसं कायम पहिल्यावरच अडतात.

१९८० साली जपानच्या नामको कंपनीत तोरू इवातानी यांनी ‘पॅक-मॅन’ हा खेळ घडवला. त्यातली चारही भुतं एकाच साच्याची: वर घुमट, खाली झालर, मध्ये दोन डोळे. तोंडच नाही, तर दात कुठले? रंग सोडला तर फरक फक्त चालीत. तांबडं सरळ मागे लागतं, गुलाबी पुढे जाऊन वाट अडवू पाहतं, केशरी जवळ येतं आणि मध्येच माघारी फिरतं. डोळे वळतील तिकडे भूत जाणार, हे पोरांना आपोआप उमगतं. अधूनमधून चौघंही पाठलाग सोडून आपापल्या कोपऱ्यांकडे वळतात आणि खेळणाऱ्याला उसंत मिळते. मोठी गोळी खाल्ली की तीच भुतं निळी पडून पळत सुटतात, आणि तेव्हा कुठे त्यांच्या चेहऱ्यावर एक नागमोडी तोंड उमटतं. भूत स्वतः घाबरलं की मगच त्याला तोंड! एवढ्याशा ठिपक्यांच्या चित्रात याहून सुंदर कल्पना मी पाहिलेली नाही.

१९८८च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’मधल्या बू नावाच्या भुताला तर सुळे आहेत. पाठ फिरवली की तो अंगावर येतो. त्याच्याकडे तोंड केलं की हातांनी चेहरा झाकून जागीच थबकतो. सुळ्यांची भीती तिथेच निम्मी होते, कारण काय केलं की तो थांबतो हे मुलाला ठाऊक असतं.

आपल्या भुतांचंही असंच होतं. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, चकवा वाट चुकवणारा, हडळीचे पाय उलटे. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ राजाने मौन मोडलं की परत झाडावर. त्यांची चित्रं आम्हाला कुणी दाखवली नव्हती, पण प्रत्येकाचं ठिकाण किंवा खूण ठरलेली होती. पिंपळाला वळसा घातला की मुंज्याचं प्रकरण मिटलं. आजीच्या गोष्टीतलं भूत कितीही भयंकर असो, त्याला काहीतरी चालत नसेच. रात्री अंथरुणात मुलाच्या कामी येई ते हेच.

इथवर मी दातांच्या बाजूने होतो. पण २०२१ साली आलेल्या ‘पॉपी प्लेटाइम’मधला हग्गी वग्गी आठवला आणि माझा जोर ओसरला. निळी केसाळ कांती, लांबच लांब हातपाय, लालभडक ओठ, आत दातांच्या रांगा. तो खेळ थोड्या मोठ्या मुलांचा. धाकट्यांना मात्र हग्गी बाजारातल्या मऊ खेळण्यांतून आणि मोबाइलवरच्या चित्रांतून भेटला. खेळात त्याच्या पाठलागाला शेवट आहे. या मुलांच्या वाट्याला नुसता चेहरा आला. तो कधी थांबतो, त्याला काय जमत नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. अशा मुलापुढे दात पुसले तर मी हरकत घेणार नाही. शिक्षकांचं तेवढं बरोबर आहे.

तेवढंच. कारण गोंडसपणाचाही भरवसा नाही. स्कॉट कॉथन यांनी बीव्हरच्या कुटुंबावर मुलांसाठी एक साधा, गोड खेळ केला होता. ही पात्रं भयानक यांत्रिक बाहुल्यांसारखी वाटतात, अशी टीका झाली. कॉथन यांनी तीच टीका हाताशी धरली आणि २०१४ साली ‘फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज’ आणला. त्यातला फ्रेडी म्हणजे टोपी घातलेलं, गळ्यात बो बांधलेलं, मुलांची करमणूक करणारं अस्वल. गोलमटोलच की!

म्हणून दातांचा हट्ट मी सोडतो. मुलाचं वय पाहून ठेवा किंवा पुसा. पण ज्याला काहीच अडवू शकत नाही असं भूत मुलांसाठी काढू नये. मग ते कितीही गोजिरवाणं दिसो. तुमच्या घरातल्या पोराने भुताचं चित्र पुढे केलं, तर ‘किती भयानक!’ म्हणून ते बाजूला ठेवू नका. ‘हे कशाला घाबरतं?’ एवढं विचारा. उत्तर नसेल, तर तेही त्याच कागदावर काढायला सांगा.