आरतीचं ताट आणि क्यूआर कोड

२७ फेब्रुवारी २०१० ला, मराठी भाषा दिनी, 'मराठी अभिमानगीत' लोकांपुढे आलं. शब्द सुरेश भटांचे, चाल कौशल इनामदारांची, शंभरावर नामवंत गायक आणि त्यांच्या मागे काहीशे जणांचा समूहस्वर. यामागची चीड सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबईतल्या खासगी एफएमवर मराठी गाणी लावत नसत, ती म्हणे 'डाउनमार्केट' वाटतात. या गाण्यामागे कोणी मोठी ध्वनिमुद्रण कंपनी उभी राहिली नाही. लोकांनीच आपापल्या खिशातून लहान लहान रकमा दिल्या. अमेरिकेत लोकांकडून निधी जमवणारं किकस्टार्टर हे संकेतस्थळ सुरू होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि 'क्राउडफंडिंग' म्हणजे काय हे आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नव्हतं. तरी पैसे उभे राहिले, गाणं झालं, आणि आज ते शाळेच्या स्नेहसंमेलनापासून परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांपर्यंत सगळीकडे फुकट वाजतं.

हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावंच. पण मला त्यात एक शंका डाचते. लोकांनी पैसे गाण्याला दिले की मराठीला? तोच संगीतकार 'माझ्या मनात सहा नव्या चाली आहेत, त्यांच्यासाठी पाचशे पाचशे रुपये द्या' म्हणाला असता, तर किती हात वर आले असते? आपण वर्गणी देणारा समाज आहोत. गणपती, शाळेची इमारत, पूरग्रस्त, वाचनालय, कशालाही आपण नाही म्हणत नाही. मात्र एका माणसाच्या, अजून सिद्ध न झालेल्या कलेला सरळ पैसे देताना आपला हात अडखळतो. फुकट ऐकायला मिळालेल्या गाण्याचे नंतर पैसे द्यायचे म्हटलं, तर तो आपल्याला उगाचचा खर्च वाटतो.

गंमत अशी की फुकट ऐकायचं आणि मग मनाला येईल ते द्यायचं, ही रीत आपल्याच घरची आहे. सदाशिव पेठेत श्रीहरिकीर्तनोत्तेजक सभेचं नारद मंदिर आहे. तिथे किंवा कुठल्याही गावातल्या देवळात कीर्तनाला तिकीट नसतं. पूर्वरंग होतो, मध्यंतरात बुक्का लागतो, उत्तररंग होतो आणि शेवटी आरतीचं ताट फिरतं. संस्थेकडून ठरलेली बिदागी मिळत असेल तर ती वेगळी. ताटातला पैसा मात्र थेट श्रोत्याचा. हे ताट बारकाईने पाहण्यासारखं आहे. ते ऐकून झाल्यावर येतं, म्हणजे माल पारखून घेतलेला असतो. रक्कम आपण ठरवतो. आणि ते शेजारच्या माणसाच्या देखत समोर येतं. ही तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ताट पुढे सरकताना नजर चुकवणं अवघड असतं. भक्ती किती आणि भीड किती, हे नारदालाही सांगता येणार नाही, पण दोन्ही मिळून कीर्तनकाराचं घर चालतं.

१० ऑक्टोबर २००७ ला इंग्लंडच्या रेडिओहेड या बँडने 'इन रेनबोज' हा आल्बम आपल्या संकेतस्थळावर ठेवला आणि किंमत श्रोत्यांवर सोडली. शून्य रुपयेही चालतील म्हणाले. जगभर केवढा गाजावाजा झाला! आपल्या एखाद्या कीर्तनकारबुवांना ही बातमी वाचून दाखवली असती, तर यात नवीन काय, असं त्यांनी विचारलं असतं. शिवाय रेडिओहेड आधीच जगप्रसिद्ध होते आणि ती प्रसिद्धी एका मोठ्या कंपनीच्या पैशावर उभी राहिलेली होती. ज्याचं नाव कोणी ऐकलेलं नाही त्याने हाच प्रयोग केला, तर ताट रिकामंच परत येतं.

मग नाव ऐकलेलं नसलेला कलाकार पुढे येतो कसा? पुण्याकडे याचं दीडशे वर्षांपूर्वीचं उत्तर आहे. १८७४ मध्ये पूना गायन समाज निघाला, पुढे कोल्हापुरात १८८३ साली देवल क्लब, आणि १९११ मध्ये भास्करबुवा बखल्यांनी पुण्यात सुरू केलेला भारत गायन समाज. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेही संस्थानिकाच्या तनख्यावर नव्हे, लोकांच्या देणग्यांवर. अशा म्युझिक सर्कलचा सभासद वर्षाची वर्गणी आधीच भरतो. त्या वर्षी कोण कोण गाणार हे त्याला पूर्ण माहीत नसतं. त्याचा विश्वास असतो तो निवड करणाऱ्या चार जाणत्यांवर. त्याच्या पैशात नामवंताची बिदागी निघतेच, पण त्याच पैशात एखाद्या होतकरू पोरालाही तासभर बसवता येतं.

सवाई गंधर्व महोत्सव याच तत्त्वाचा भव्य अवतार आहे. १९५३ मध्ये भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या या महोत्सवात लोक सीझन तिकीट काढतात ते मोठ्या नावांसाठी. पण दुपारी मांडवात गर्दी जमायच्या आधी जो तरुण बसतो, त्याचं गाणंही त्याच तिकिटात येतं. भारतीय बैठक धरून ठेवण्यासाठी लवकर आलेले काका डबा उघडता उघडता त्याचा मुलतानी ऐकतात आणि संध्याकाळी चार लोकांना सांगतात, "त्या पोराचं नाव लक्षात ठेवा." अनोळखी कलाकाराचा शोध पुण्यात असाच लागत आला. ज्याला कोणी मुद्दाम पैसे देणार नाही त्याचा खर्च ओळखीच्या नावाच्या तिकिटातून भागतो. (याच शहरात सीझन तिकिटाचा अभिमान बाळगणारे लोक बाकीच्या कार्यक्रमांना 'पास आहे का?' विचारतात, हेही नमूद करायला हवं. पुणेकराची रसिकता आणि त्याची काटकसर एकाच वाड्यात भाडेकरू आहेत.)

या सगळ्याला समांतर एक चोरवाट होती, ती म्हणजे खासगी ध्वनिमुद्रणांची. मैफलीत कोणीतरी टेपरेकॉर्डर लावायचा, कॅसेटच्या कॅसेट बनायच्या, आणि मल्लिकार्जुन मन्सूर किंवा कुमार गंधर्व यांच्या अमुक सालच्या मैफलीची प्रत मिळावी म्हणून लोक एकमेकांना कायमचे ऋणी व्हायचे. कायद्याने ते बसत नव्हतं, पण कित्येकांचे कान त्यावरच तयार झाले. इंटरनेट आल्यावर गोव्याचे राजन पर्रीकर यांनी अमेरिकेतून रागांवर सविस्तर लेख लिहिले आणि त्यांना मैफलींचे तुकडे जोडून ते जगाला फुकट खुले केले. हे तुकडे ऐकून मूळ ध्वनिमुद्रिका शोधत फिरलेले लोक मला माहीत आहेत. फुकट वाटल्याने गाण्याचं मोल उतरतं असं म्हणणाऱ्यांनी या वर्गाकडे एकदा पाहावं.

पण मन्सूर आणि कुमार हे आधीच मोठे होते. फुकट वाटपाची खरी कसोटी ताडीवाला रोडवर लागली. पुणे स्टेशनमागच्या या वस्तीतला अल्ताफ शेख लहानपणी कव्वाली म्हणायचा. मग रॅप करू लागला, एमसी स्टॅन झाला. २०१८ पासून त्याची गाणी यूट्यूबवर येत गेली, २०२० मध्ये 'तडीपार' हा आल्बम आला, २०२३ च्या फेब्रुवारीत तो 'बिग बॉस'चा सोळावा हंगाम जिंकला. त्याच्या भाषेबद्दल, शिव्यांबद्दल, गळ्यातल्या साखळ्यांबद्दल काय वाटायचं ते वाटो. मलाही सगळं पचतं असं नाही. मुद्दा असा की त्याला कुठल्याही सर्कलने, कुठल्याही मंडळाने, कुठल्याही समीक्षकाने शोधलं नाही. पोरांनी एकमेकांना लिंक पाठवली. डेक्कनच्या अलीकडच्या पुण्याला तो कळेपर्यंत देशभरातल्या वस्त्यांमध्ये त्याचे शब्द पाठ झाले होते. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांची 'तांबडी चामडी' नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सपर्यंत पोचून जगभर वाजली, तिच्या प्रवासातही कोणा सभागृहाच्या व्यवस्थापकाची परवानगी लागली नाही.

शोध लागतो, हे सिद्ध झालं. पैसे मात्र लागलीच येत नाहीत. स्पॉटिफाय भारतात २०१९ च्या फेब्रुवारीत आलं. २०२४ पासून त्यांचा नियम असा, की एखादं गाणं वर्षभरात किमान हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्यावर ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी शून्य. म्हणजे नवख्याच्या ताटातली चिल्लर उचलून ती आधीच भरलेल्या ताटात टाकायची. यावर उपाय म्हणून अमेरिकी लेखक केव्हिन केली यांचा २००८ सालचा हिशोब अजून सांगितला जातो, हजार सच्चे चाहते असले की कलाकार जगतो. केलींनी दरवर्षी माणशी शंभर डॉलर धरले होते. आपण पुण्यापुरते पाचशे रुपये धरू. हजार माणसं, पाच लाख रुपये. त्यातून ध्वनिमुद्रण, वादक, मिक्सिंग, व्हिडिओ आणि घरभाडं भागवायचं. एकट्या माणसाची जेमतेम तोंडमिळवणी होईल, चार जणांच्या बँडची नाही.

आणि ते पाचशे रुपये पोचवायचे कसे, हीसुद्धा एक कथाच आहे. २००८ मध्ये सुरू झालेलं बँडकँप हे संगीतविक्रीचं संकेतस्थळ कलाकाराला उदार हिस्सा देतं, डिजिटल विक्रीवर साधारण पंधरा टक्केच कापतं. पण त्याचे पैसे पेपॅलमार्फत येतात, आणि पेपॅलने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे फिरवणं बंद केलं. दर महिन्याला ठरावीक रक्कम आपोआप देण्याची पेट्रिऑनसारखी पद्धत घ्यावी, तर ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांनी कार्डावरच्या अशा वजावटी कित्येक महिने अडखळल्या. परिणामी बर्लिनमधला चाहता कोथरूडच्या गायकाला सहज पैसे देतो आणि कर्वेनगरचा चाहता अडतो. राहिला यूपीआयचा क्यूआर कोड. तो सोपा आहे, फुकट आहे, भाजीवाल्यापासून सगळ्यांना येतो, आणि कॅफेत गाणाऱ्या पोरांच्या माइकशेजारीही आता दिसतो. पण आरतीच्या ताटाची खरी ताकद त्यात उतरत नाही. क्यूआर कोड भिंतीवर गप्प लटकतो. तो आपल्यासमोर येऊन थांबत नाही, कोणाच्या देखत काही मागत नाही.

ही पोकळी ओळखून आपल्याकडे लवकर हातपाय हलवणारेही होते. शुभा मुद्गल आणि अनीश प्रधान यांनी २००३ मध्ये अंडरस्कोअर रेकॉर्ड्स सुरू केली. कलाकाराने आपलं ध्वनिमुद्रण स्वतःच्या मालकीचं ठेवावं आणि ते इंटरनेटवरून विकलं जावं, ही कल्पना. २००९ पासून त्यांनी पुण्यातच, येरवड्याच्या ईशान्य मॉलमध्ये 'बाजा गाजा' हा महोत्सव भरवला. शास्त्रीय, लोकसंगीत, रॉक, वाद्यं बनवणारे, संग्राहक, सगळे एका छपराखाली. काही वर्षं चालला आणि थांबला. त्या महोत्सवाबद्दल पुण्यात आज जितकं कमी बोललं जातं तितकं मला खटकतं. डिसेंबर २०१० मध्ये इथेच सुरू झालेल्या 'एनएच७ वीकेंडर'च्या आठवणी मात्र सगळ्यांकडे आहेत. तिथे बिअर होती, हे एक कारण असावं.

परदेशात ज्यांचं जमलं त्यांच्याकडे पाहिलं की एक गोष्ट ठळक दिसते. १९९७ मध्ये मॅरिलिऑन या इंग्लिश बँडकडे अमेरिकेच्या दौऱ्याला पैसे नव्हते. तिथल्या चाहत्यांनी आपणहून, ई-मेलवरून, साठ हजार डॉलर जमवले. मग बँडने २००१ च्या आल्बमची, तो होण्याआधीच, आगाऊ नोंदणी घेतली आणि बारा हजारांवर लोकांनी पैसे भरले. कंपनीच्या मेहेरबानीवाचून आल्बम झाला आणि त्यात पैसे देणाऱ्यांची नावं छापली गेली. देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी! आपल्याला हे शिकवायची गरजच नाही. पाटीवर नाव आलं की माणूस त्या देवळाचा होतो. तो पुढच्या वर्षी पुन्हा देतो, आणि शेजाऱ्यालाही द्यायला लावतो.

मात्र याच ठिकाणी मला चाहत्यांच्या निधीबद्दल थोडी धास्ती वाटते. २०१२ मध्ये अमेरिकी गायिका अमांडा पामरने किकस्टार्टरवर जवळजवळ बारा लाख डॉलर उभे केले. त्यामागे वर्षानुवर्षं चाहत्यांशी गप्पा मारणं, पत्रं लिहिणं, त्यांच्या घरी मुक्काम करणं होतं. पैसे मागणं ही वेगळीच कला आहे, आणि ती गाण्याबरोबर येतेच असं नाही. ज्याला छान इंग्रजी येतं, ज्याचे मामेभाऊ कॅलिफोर्नियात आहेत, ज्याच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डॉक्टर आणि सीए आहेत, त्याचा निधी आठवड्यात भरतो. २०१८ मध्ये ताडीवाला रोडच्या त्या पोराने निधी मागितला असता तर कोणी दिला असता? त्याच्या चाहत्यांकडे डेटा पॅक होता, पाचशे रुपये नव्हते. त्यांनी गाणं पुढे पाठवलं, मत दिलं, नंतर ऐपत आली तेव्हा तिकीट काढलं. फुकट वाटपाला जात, पेठ आणि पगार दिसत नाही. निधीला दिसतो.

म्हणून मी या दोहोंत निवड करायला तयार नाही. फुकट वाटप नवा माणूस शोधून काढतं पण जगवत नाही, आणि निधी जगवतो पण ओळखीच्याच माणसाला. मधला दुवा आपल्याकडे होता, तो म्हणजे सभासदांचं सर्कल. आज पुण्यात दीडशे माणसांनी एकत्र येऊन वर्षाला दोन-दोन हजार भरले तर तीन लाख होतात. त्यात वर्षाला दोन-तीन नव्या कलाकारांची ध्वनिमुद्रणं नीट होतील, ती इंटरनेटवर सगळ्यांना फुकट खुली ठेवता येतील आणि सभासदांची नावं त्यावर छापता येतील. अट एकच ठेवावी लागेल. निवडलेल्यांपैकी निदान एक जण असा हवा की जो एकाही सभासदाच्या ओळखीचा नाही, ज्याचं गाणं कोणाच्या तरी मुलाने फोनवर ऐकवलं एवढाच त्याचा परिचय. पहिल्याच बैठकीत या अटीवर भांडण होईल. कोणी म्हणेल भाषा बरी नाही, कोणी म्हणेल सूर कच्चा आहे, कोणी विचारेल याला मराठी म्हणायचं का. त्या भांडणात भाग घ्यायला मी माझे दोन हजार आगाऊ भरायला तयार आहे.