हौद घासताना

एप्रिलची सकाळ. देवरीत ऊन अजून भिंतीवरून अंगणात उतरलेलं नाही. रात्रीच रिकामा केलेला सिमेंटचा हौद समोर आहे. गावाबाहेरच्या तलावाचं शेवाळ कुणी घासत नाही, त्यावर मासोळ्या जगतात. शहरातल्या पोहण्याच्या तलावाचं आणि आपल्या हौदाचं दुखणं मात्र एकच: हिरवं शेवाळ आणि पांढरं पुट. घासणी हातात घ्या, पण लगेच आत उतरू नका. काठावर बसा. श्वास सावकाश होऊ द्या.

आधी हिरवं बघा. ऊन जिथं जास्त वेळ थांबतं, तिथं ते दाट आहे. बोट फिरवा. गार, बुळबुळीत. हे जिवंत आहे. उजेड, पाणी आणि वाऱ्यानं आलेली थोडी माती, एवढ्यावर त्याचं भागतं. आता घासणी फिरवा, जोर नको. पापुद्रा सुटतो. सिमेंटच्या बारीक छिद्रांत हिरवट डाग उरतोच. त्यावर ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडा आणि थांबा. रंग फिका पडत जातो, तेवढा वेळ फक्त बघत राहा. मग भरपूर पाण्यानं धुऊन काढा. धुणं पुरं झाल्याशिवाय पुढं जायचं नाही, कारण पुढं लिंबू लागणार आहे, आणि ब्लीचिंगवर आम्ल पडलं की विषारी क्लोरीन सुटतो.

आता पांढऱ्याकडे वळा. पाणी जिथं जिथं थांबलं, तिथं तिथं रेघ उमटली आहे. नखानं खरवडा, निघत नाही. बोअरचं पाणी जमिनीतून कॅल्शियम विरघळवून आणतं. हौदात आलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो आणि विरघळलेलं कॅल्शियम भिंतीला दगडासारखं चिकटतं. अर्धं लिंबू रेघेवर दाबून धरा. कान जवळ न्या. बारीक चुरचुर ऐकू येते, बुडबुडे दिसतात. पुटात अडकून राहिलेला त्याच वायूचा हिस्सा बाहेर पडतो आहे. घाई नाही. लिंबू उचला, धुवा, पुन्हा दाबा.

इथं जरा जास्त थांबू. पुटात कॅल्शियम, तसंच भिंतीच्या सिमेंटमध्येही. आम्लाला दोन्हींतला फरक कळत नाही. संडास धुवायचं जहाल ॲसिड ओतलं तर रेघ चुटकीसरशी जाते, पण तिच्याबरोबर भिंतीची सालही जाते. वाळूचे कण उघडे पडतात आणि त्या खाचांत पुढचं शेवाळ आणखी घट्ट बसतं. माझ्या हौदाचा एक कोपरा असाच खरखरीत आहे. माझ्याच हातची करणी. दर वर्षी तिथं हात फिरवला की बोट खरचटतं.

नळाखालचा तांबूस डाग लोखंडाचा. तो ब्लीचिंगनं उलट पक्का होतो. त्यालाही लिंबूच.

झालं. हौद भरायला लावा. पाण्याचा आवाज आधी पोकळ येतो, मग भरीव होत जातो. वर टिनाचा पत्रा ओढा. उजेड नसला की हिरव्याचं काही चालत नाही. पत्रा एका बाजूनं जरा वाकलेला आहे. त्या फटीतून उन्हाची बोटभर रुंद पट्टी पाण्यावर पडली आहे. तिच्याकडे बघत बसा.